धड हात

ओझार्क, आर्कान्सा
९ जानेवारी २०२३

चि. वेंडल यास लोरेटाताईचे अनेक आशीर्वाद.

दुकानातली नोकरी गेली. हसू नकोस! आधी मोटेल, मग बर्गरवाला, आता हे. या वेळी मात्र गाजवून सुटले. मोटेलात माझ्याबरोबर चादरी धुणारा कोडी सुरा घेऊन गल्ल्यापाशी आला. म्हणाला, मुकाट्याने दे. माझा गाल चिरला, तसा मी पीचच्या फोडींचा पत्र्याचा डबा असा हाणला की त्याचे पुढचे दात फरशीवर! पोलिसांनी पाठ थोपटली, मालकाने हाकललं. चोरावर हात उचलायचा नाही, असा दुकानाचा नियम. आता कारखान्यात कोंबड्यांची आतडी काढते. तुझी खोली झाडून ठेवलीय.

माया आहेच, आटू देऊ नकोस.
लोरेटा

तुरुंगातून, ३ मार्च

ती. लोरेटाताईस वेंडलचा सा. न. वि. वि.

तुझा कोडी आमच्याच बराकीत आलाय. दात नाहीत, लगेच ओळखला. काल जेवणाच्या रांगेत सगळ्यांदेखत विचारतो, बहिणीचा गाल शिवला का रे? मी माझ्या कामावरच्या मुकादमाचा जबडा फोडून इथे आलो, तो तर याहून कमी बोलला होता. एप्रिलमध्ये मुदतीआधी सुटकेची सुनावणी आहे, हे मला कळतं. हातांना कळत नाही.

तुझा,
वेंडल

ओझार्क, ८ मार्च

चि. वेंडल यास आशीर्वाद.

खबरदार! सुटकेचे साहेब घर बघून गेले, तुझा पलंगसुद्धा दाबून पाहिला. एक ठोसा मारलास की आणखी चार वर्षं. या घराचं भाडं मला एकटीला झेपत नाही, आणि खरं सांगू, मला तू हवायस. तो थुंकला तर पुसून टाक. मारलं तर मार खा. त्याचे दात मी पाडलेत, तुझ्या वाटचं काही उरलेलं नाही.

राग धरू नकोस.
लोरेटा

तुरुंगातून, २० एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

शेजारचा म्हातारा लिहून देतोय. कोडीने आणि आणखी दोघांनी न्हाणीघरात गाठलं. मोज्यात कुलूप घालून तोंडावर मारत राहिले. मी माझे हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. डावा डोळा गेला. शेवटी शेवटी कोडी रडत रडत मारत होता, का कोण जाणे. सुनावणीत साहेबलोक खूश झाले, माणूस सुधारला म्हणाले. दोन मेला सोडताहेत.

तुझ्या शब्दातला,
वेंडल

ओझार्क, २५ एप्रिल

चि. वेंडल यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि कारखान्याच्या भिंतीवर मूठ आपटत राहिले. डाव्या हाताची तीन बोटं मोडली. आतडी काढायला दोन्ही हात लागतात, म्हणून इथल्या मुकादमाने मला तिथल्या तिथे कामावरून काढून टाकलं. मला तुझा अभिमान वाटतो आणि माझा संताप येतो. कोडीला मारायला हवं होतंस.

निघताना मुकादमाला विचारलं, माझ्या जागी भावाला घ्याल का. म्हणाला, एक डोळा चालेल, हात धड हवेत. म्हटलं, हात अगदी धड आहेत.

आठ मे, सोमवारपासून जायचं आहे. ये.
लोरेटा