मुंग्यांची माफी

माह्या मायले, याडीले, राखीचा ऋषिकेशवरून पाया पडून नमस्कार.

ही चिठ्ठी ममता वहिनीकडूनच वाचून घेजो, बादलदादाकडून नको. फोनवर इथं सगळे ऐकतात, म्हणून लिहून राह्यली.

मी बरी आहे. आश्रमाच्या स्वयंपाकघरात काम आहे, दोन टाइम पोटभर जेवण भेटते. आपल्या तांड्यावर तूर फुलली काय? तुहे गुडघे कसे आहेत?

मागच्या महिन्यात साखरेच्या डब्याले मुंग्या लागल्या. आपण घरी करतो तसं मी त्यांच्या रांगेवर उकळतं पाणी ओतलं. गुरुजी म्हणे, "ही हिंसा झाली." सगळ्यांसमोर मले हात जोडून मुंग्यांची माफी मागाले लावलं, अन् तीन दिवसांचं मौन दिलं. मी पाळलं. जीव तो जीवच, खोटं काय त्यात?

परवा फोनवर बोलता येत नव्हतं तवा दाढ सुजली म्हटलं, ते मात्र खोटं होतं. खिचडी करपली म्हणून इथल्या व्यवस्थापकानं मले थापड मारली. गुरुजीले सांगितलं, तर डोळे मिटूनच म्हणे, "राग सोड बेटी, क्षमा कर. शांती आतून येते." त्या माणसाले ना मौन दिलं, ना माफी मागाले लावलं.

हे मी पहिल्यांदा नाही ऐकलं, याडी. मले नवऱ्यानं मारलं तवा चुलीपाशी बसून तू हेच सांगत होती.

वहिनी, आता पुढचं तुह्यासाठी आहे, पण मोठ्यानंच वाच. दादा अजून तुह्यावर हात उचलते काय? याडी सहन कर म्हणन, तर ऐकू नको. इथं मुंगीचीही माफी मागतात. तुही माफी कोणी मागितली काय?

तुमचीच,
राखी