न हलणाऱ्या खोलीची पाटी

धाकट्या जाऊबाईंना थोरलीचे आशीर्वाद, हवे असोत वा नसोत.

भाऊजींचा गुडघा, तुझी साखर आणि तुमचा बर्फाचा कारखाना ही तिन्ही ताब्यात असतील असं धरून चालते. माझ्या डोळ्यांचं जुनंच रडगाणं. थेंब नात घालते. मी घातले की कानात जातात. तेव्हा अक्षराला हसू नकोस. (चौथीत शाळा सुटली, त्यातही मास्तर बऱ्याचदा आजारी असायचे.)

तर नात घरात नसताना तिच्या विद्यापीठातून एक बाई आल्या. भौतिकशास्त्र विभागासाठी देणग्या गोळा करणं ही त्यांची पगारी नोकरी. माझी खोली न्याहाळून म्हणाल्या, किती साधं राहता तुम्ही. धाकटे, पोपडे निघालेल्या भिंतीला कुणी साधेपणा म्हटलं की मी आधी कपाटाचं कुलूप ओढून बघते. दुसऱ्या दिवशी मला न्यायला गाडी आली. विभागप्रमुखांनी स्वतः दार धरलं, खुर्चीत उशी ठेवली, मऊ बिस्किटं निवडून दिली. पोटच्या पोरानं कधी इतकं केलं नाही. मी धरलंच, हे आता किडनी मागणार.

मागितलं वेगळंच. जमिनीखाली एक खोली बांधायची आहे, जराही न हलणारी. सध्या नात तळघरात यंत्र लावून बसते आणि रस्त्यावरून बस गेली की सगळं मोजमाप वाया. मी म्हटलं, मग बस दुसरीकडून न्या. प्रमुख इतके हसले की माझा संशय पक्का झाला. (मी एवढी गमतीची नाही, तुला ठाऊक आहे.) खोलीत दिसणार काय, तर डोळ्यांना काहीच नाही. न दिसणाऱ्या वस्तूसाठी न हलणारी खोली, आणि दारावर देणाऱ्याच्या नावाची पाटी. मी चपला शोधायला लागले होते. तेवढ्यात ते बोलून गेले की खोली झाली नाही तर तुमची नात समुद्रापलीकडच्या विद्यापीठात जाणार, तिकडून बोलावणं आलंय. कार्टी घरात एक अक्षर बोलली नव्हती. मी परत बसले आणि हो म्हणून टाकलं. पोर दूर जाईल म्हणून नव्हे. थेंबांची अडचण होते.

बाकी ठीक. तब्येतीला जप, निदान गुरुवारपर्यंत.

तुझी थोरली

ता. क. निघताना प्रमुखांनी विचारलं, बर्फाचा धंदा थंडीत कसा चालतो? तेव्हा उशीचा उलगडा झाला. नातीच्या आडनावावरून शोधत त्या बाईंनी चुकीच्या सुनेचं दार वाजवलं होतं. मी म्हटलं, बरा चालतो. सह्यांचं काम मात्र धाकटी जाऊ बघते. गुरुवारी त्या देणगीवाल्या बाई तुझ्याकडे येतील.

आणखी एक. नातीला यातलं काही कळवू नकोस, ती खरं बोलते. पाटीवर नुसतं आडनाव घालायला सांगितलंय, ते माझंही आहे. आणि भाऊजी कुरकुरले तर त्यांना म्हणावं, वाटणीत तुमच्याकडे कारखाना आला आणि माझ्याकडे अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. न हलणारी खोली मी वर्षानुवर्षं सांभाळली आहे. तिच्या दारावर कुणी पाटी लावली नव्हती.