फळ्यावर न लिहिलेली बातमी

उदगीर, मंगळवार, संध्याकाळ

जीव भांड्यात पडला. शेजारच्या नीलव्वाच्या फौजेतल्या लेकाचं श्रीलंकेहून पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. पायाला गोळी लागली, पण जिवंत आहे.

आठ दिवस सलत होतं. वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर बातम्या मी लिहितो. तिथल्या आपल्या फौजेबद्दल दिल्लीचा रेडिओ ‘परिस्थिती काबूत’ म्हणाला, ते लिहिलं. लंडनचा रेडिओ आपले जवान पडल्याचं सांगत होता, ते गाळलं. का? नीलव्वासाठी, की लोक मला देशद्रोही म्हणतील म्हणून? लातूर जिल्हा झाला तरी नळ कोरडेच. टँकरच्या रांगेतून ती रोज विचारायची, “फळ्यावर काय हाय, गुरुजी?” मी वाचायचो, ‘परिस्थिती काबूत’.

आज पत्राची घडी घालताना तिला हे सांगून टाकलं. वाटलं, चिडेल. ती घागर उचलत म्हणाली, “मला ठाव होतं. रोज लढाई, अन् तुमच्या फळ्यावर आपलं कुणीच पडंना. म्हणून तर लई भ्या वाटत होतं.”

येताना फळा पुसला. पाणी कुठलं, कोरड्याच फडक्यानं. ‘काबूत’ तरी पुसट दिसत होतं.