बाबांचा साधा फोटो

प्रिय बाबा,

उद्याच्या पेपरात तुमच्या निधनाची बातमी द्यायचीय, त्यासाठी फोटो हवाय. सकाळपासून स्टुडिओ उपसतेय, एका जागी बसवतच नाहीये. तुमच्या फोटोंवर मीच रंग चढवलेले गुलाबी बाबा आहेत, हिरव्या ओठांचे बाबा आहेत, साबणाच्या वड्यांसारखे रांगेत मांडलेले बाबा आहेत. याच चेहऱ्यावर मी नाव कमावलं. तुम्ही मात्र दर प्रदर्शनात कुरकुरायचात, "अगं रंगारणी, माझा एखादा साधा फोटो काढ की!"

"काढू हो, पळताय कुठे?" मी म्हणायचे.

शेवटी आई वैतागली. "गुलाबीच दे. ते पान काळं-पांढरंच छापतात."

दिला. उद्या तुम्ही अगदी साधे दिसाल, बाबा. तुमचं म्हणणं छापखान्याने ऐकलं, मी नाही.

तुमची,
रंगारीण