जन्मस्थळ: अबुधाबी

प्रिय सुजीत,

"अगं, बाळंतपणाला न्यू जर्सीलाच ये, आपलं बाळ अमेरिकेचं नागरिक होईल," असं तू रोज म्हणतोस. पण तुझ्यासारख्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या तिथे जन्मलेल्या मुलांना नागरिकत्व द्यायचं की नाही, याबाबत तिथलं कोर्ट काय ठरवेल, हे तुझा वकीलही सांगत नाही.

माझा जन्म अबुधाबीचा. तरी बाबांची नोकरी गेली तेव्हा आमचे सगळ्यांचे व्हिसे रद्द झाले. आई शाळेत येऊन एवढंच म्हणाली, "खलास. दप्तर भर." जिथे जन्मलो तिथलेच झालो, अशी खोटी आशा मला बाळाला द्यायची नाही.

नोकरीसाठी मी पुन्हा अबुधाबीतच आले, पण इथे रुवैसच्या तेल रिफायनरीत मी कधी मीटरचं खोटं रीडिंग लिहिलं नाही. तुला मात्र खोटं सांगितलं, की डॉक्टर विमानप्रवासाला नको म्हणतात. खरं तर डॉक्टरांनी परवानगीचं पत्र दिलं आहे. ते पत्र शुक्रवारपर्यंत चालतं. आज बुधवार आहे आणि माझी बॅग अर्धी भरली आहे.

तुझी,
ईशानी