पेन्सिलीने लिहिलेला शेरा

प्रिय मास्तरीणबाई,

तुझं पत्र मंगळवारी आलं आणि तेव्हापासून माझ्या काचा घासायच्या मशीनशेजारी पडून आहे. उत्तराला चार दिवस लावले म्हणून डोळे वटारू नकोस. तुझे आभार मानायचे होते, आणि अशा वेळी माझी दातखीळ बसते, हे तीन वर्षं माझ्यासोबत एका खोलीत काढलेल्या तुला वेगळं सांगायला नको.

आमच्या चष्म्याच्या कारखान्यात परवा पुन्हा आरोग्याचा तो फॉर्म वाटला. आठवतो? रोज किती तास झोपता, आणि स्वतःची तब्येत तुम्हाला कशी वाटते. मागच्या वर्षी मी ऐटीत पाच तास लिहून 'उत्तम'वर खूण केली होती. चोवीस वर्षांची होते, पहाटे क्लास, दिवसभर काम, आजारपणाची एक रजा नाही. मला काय धाड भरली होती? फॉर्म टेबलावर ठेवून आंघोळीला गेले, आणि येऊन बघते तर 'उत्तम'च्या शेजारी तुझ्या वळणदार अक्षरात पेन्सिलीने एकच शब्द: 'खोटं'. रागाच्या भरात तो खोडताना मी कागद जवळजवळ फाडलाच.

त्याच आठवड्यात मी एका आजोबांची डावी काच उजव्या डोळ्याला बसवली. बिचारे दोन दिवस सपाट रस्त्यावरही पायरी असल्यासारखा पाय उचलून चालत होते. मी दोष मशीनला दिला, मग दिव्याला, मग माझ्या डोळ्यांना. मालकांनी डोळे तपासले. नजर लख्ख निघाली. हे मी तुला रडत सांगितलं. तू रविवारी गुपचूप माझा गजर बंद करून ठेवलास. मी अकरा तास झोपले. क्लासची चाचणी बुडाली. पंधरा दिवस तुझ्याशी अबोला धरला, चहासुद्धा वेगळा करून प्यायले. मग तुला शाळेत नोकरी लागली, तू गेलीस, आणि 'चुकलं माझं' हे तोंडातच राहिलं.

ते आज लिहिते. चुकलं माझं. त्या रविवारी जाग आली तेव्हा डोकं इतकं हलकं होतं की मी घाबरलेच. बरं वाटणं म्हणजे काय हेच मी विसरले होते गं, म्हणून तर बिनधास्त 'उत्तम' लिहिलं. फुरंगटलेली असतानाच, तुला कळू न देता, मी पहाटेचा क्लास सोडून संध्याकाळच्या क्लासला नाव घातलं. या वर्षी फॉर्मवर साडेसात तास लिहिले आणि खूण केली ती 'चांगली'वर. 'उत्तम' नाही, कारण पाठ दुखते, आणि दुखते हे आता कळतं. हे सगळं तुझ्यामुळे. फार उपकार आहेत तुझे.

आता तुझ्या पत्राचं तिसरं पान. वह्या तपासता तपासता एक वाजतो, पाचला उठते, पण तब्येत ठणठणीत, काळजी नको, असं तू लिहितेस. आणि त्याच पानावर, एका मुलीचं बरोबर आलेलं गणित तू चूक दिलंस, ती रडली, आणि असं कसं झालं ते तुलाच कळेना. ते पान या पाकिटात परत पाठवते आहे. 'ठणठणीत'च्या शेजारी मी पेन्सिलीने काय लिहिलंय ते बघ. अबोला धरायचा तर खुशाल धर. पुढच्या शनिवारी मी येते आहे, आणि रविवारी तुझा गजर माझ्या ताब्यात असेल.

तुझीच,
चष्मेवाली