आबांची कुऱ्हाड ऐकू येते

तीर्थरूप दादांना, घरात राहणाऱ्या जावयाचा वाकून नमस्कार.

तुमची कंबर, वहिनींचा दमा आणि मुलांच्या परीक्षा हे सगळं ठीक असेल असं धरून चालतो. इकडे आई, तुमची बहीण आणि मी खुशाल आहोत. (‘खुशाल’ लिहिताना पेन जरा अडखळलं, पण ते शाई संपत आल्यामुळे असावं.)

मला नोकरी लागल्याचं कानावर आलंच असेल. आपल्या डोंगरावरच्या जंगलासाठी कार्बनवाल्या कंपनीने गावाशी करार केलाय. म्हणजे दूरदेशीच्या कारखान्यांनी धूर सोडत राहायचं आणि त्याची भरपाई म्हणून आपली झाडं उभी राहू द्यायची. झाडं काय, आधीही उभीच होती. आता ती पगारी उभी आहेत. बदल्यात गावाला दवाखाना मिळाला आणि मला राखणदाराचा गणवेश. (पँट आखूड निघाली. तुमच्या बहिणीने खाली पट्टी जोडली, तिचा रंग वेगळा, त्यामुळे माकडंसुद्धा वळून बघतात.) बायकांनी खाली पडलेल्या वाळक्या काटक्या तेवढ्या न्यायच्या, कुऱ्हाड लावायची नाही. आणि कुणी लावलीच तर कळावं म्हणून कंपनीने झाडांना कान बसवलेत. कान म्हणजे लहान डबे. ते जंगलातला आवाज टिपतात आणि खाली ऑफिसातल्या यंत्राला कळवतात.

पहिल्याच आठवड्यात ऐन दुपारी यंत्र बोंबललं. वरच्या झऱ्याजवळ कुऱ्हाड! मी शिट्टी वाजवत धावलो. (शिट्टी वाजवत चढ चढू नये. दम लागला की ती घशाकडे सरकते.) तिथे ना तोडलेला बुंधा, ना एक ढलपी. पाखरूसुद्धा नाही. आपण खोलीत शिरावं आणि आतल्यांनी बोलणं थांबवावं, तशी शांतता. दुसऱ्या दिवशी तेच, पुढेही रोज तेच. शेवटी शहरातून साहेब आले. झाडं मोजली, एकही कमी नाही. पण यंत्र खोटं बोलत नाही यावर ते ठाम. चोर गावातलाच आहे, तो सापडला नाही तर जंगल सगळ्यांना बंद, काटक्यासुद्धा, आणि दवाखान्याचं काय ते वरचे लोक ठरवतील, असा दम भरून त्यांनी गाव गोळा केलं आणि टिपलेला आवाज सगळ्यांना ऐकवला.

दादा, काय सांगू! ठक्, ठक्, मग खाकरणं, मग तळहातावर थुंकणं, पुन्हा ठक्. सगळं गाव खाली बघायला लागलं. आबांना जाऊन दोन वर्षं होत आली, पण तुमच्या वडिलांचं खाकरणं तुम्ही विसरला असलात तरी गाव विसरलेलं नाही. त्यातून ते मधेच स्पष्ट म्हणाले, “जावयाला एक काम धड येईल तर शपथ!” माझी उरलीसुरली शंका तिथे फिटली.

साहेबांनी विचारलं, “ओळखीचा आहे?”

मी म्हटलं, “सासरे.”

“मग पकडून आणा.”

आबा जिवंत असताना त्यांच्यासमोर मी कधी खुर्चीत टेकलो नाही. आता पकडणार कसला?

शेवटी आईच उठल्या. चढ त्यांना झेपत नाही, म्हणून मी आधार देत नेलं. (आधार कुणी कुणाला दिला हा वादाचा मुद्दा आहे.) झऱ्याजवळच्या झाडाखाली उभ्या राहून, वरही न बघता, न्हाणीघरात बसलेल्या माणसाला बाहेरून हाक मारावी तशा त्या म्हणाल्या, “अहो, पुरे झालं आता. तुमच्यापायी बायाबापड्यांच्या चुली विझतील. निघा तिथून.” वारा अजिबात नव्हता. तरी त्या एकाच झाडाची पानं हलली आणि अगदी माझ्या कानाशी कुणीतरी नाकातून “हं” केलं. पुढे मी खाली कसा आलो आठवत नाही. आई म्हणतात, त्यांच्या बऱ्याच पुढे.

त्या दिवसापासून यंत्र गप्प. साहेबांनी यंत्रात बिघाड होता असं वर कळवलं, जंगल उघडं राहिलं, दवाखानाही राहिला. फक्त आता रोज सकाळी आपल्या मागच्या दाराशी फोडलेलं सरपण रचून ठेवलेलं असतं, अगदी आबांच्या पद्धतीने, एक थर उभा, एक आडवा. कुठल्या झाडाचं ते कुणाला ओळखता येत नाही. जळतं छान, पण धूर होत नाही आणि राख उरत नाही. तुमची बहीण ‘आबांनी आणलंय’ म्हणते आणि खुशाल चुलीत घालते. साहेबांना मी हे बोललेलो नाही, नाहीतर ते आबांशीही करार करायला निघतील.

एकूण सगळं सुरळीत आहे. काळजी नसावी.

तुमचा भावोजी

ता. क. मी घाबरलेलो नाही. ऑफिसला आतून कडी लावून लिहितोय, ते कागद उडतात म्हणून.

आणखी एक. काल दुपारी यंत्राने पुन्हा कळवलं. कुऱ्हाड नव्हती. आबा कुणाशी तरी गप्पा मारत होते आणि एक बाई हसत होती. हसणं आईंचं होतं. त्या वेळी आई घरात झोपल्या होत्या, पांघरूण मीच घातलं होतं. तुमच्या बहिणीला सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून आईंनाच ऐकवलं. त्या लाजल्या, पुन्हा एकदा लावायला सांगितलं, आणि आज ठेवणीतले कपडे काढून उन्हात वाळत घातलेत. दादा, रजा मिळत नसेल तर न सांगता निघा.